शैलजाबाईंची पुरचुंडी

पिंड मांडून सव्वा तास झाला तरी डबीवरचा दिवा हिरवा होईना. गुरुजींनी दर्भाच्या जुडीकडे हात नेला, तेव्हा केतकी मोहितेने त्यांना थांबवलं. "अजून दहा मिनिटं, गुरुजी," ती म्हणाली. "डबी बिघडलेली नाही. मला माहीत आहे." ती तेव्हा गप्प बसली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

सांगलीच्या घाटावर कावळा दिसून चौदा वर्षं झाली होती. एकोणतीस सालच्या साथीत कावळे गेले ते गेलेच, पण दहाव्याची रीत काही गेली नाही. माणसं रिकाम्या आभाळाकडे बघत उन्हात बसायची, मेलेल्या माणसाला मोठ्याने आश्वासनं द्यायची आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावून घरी जायची. काय राहिलं होतं त्याच्या मनात, ही रुखरुख मात्र घरापर्यंत सोबत यायची. त्या रुखरुखीवर पुण्याच्या निरोप मंडळाने उपाय काढला. माणसाने जिवंतपणीच केंद्रावर जाऊन आपली शेवटची इच्छा सांगायची, ती यंत्राच्या भाषेत सीलबंद व्हायची. मग दहाव्याला पिंडाशेजारी पानसुपारीच्या डब्याएवढी डबी ठेवायची आणि नातेवाइकांनी पूर्वीसारखीच आश्वासनं द्यायची. इच्छेशी जुळणारं आश्वासन डबीच्या कानावर पडलं की दिवा हिरवा. इच्छा आधीच पुरी झालेली असली तर ठेवल्याठेवल्या हिरवा. लोक त्यालाही 'कावळा शिवला' असंच म्हणायचे. आणि ज्यांना ऐकायचंच नसेल त्यांनी दर्भ लावावा, की डबी कायमची गप्प.

आजची डबी शैलजा मोहित्यांची होती. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मोहितेबाई, केतकीची आई. डिसेंबरात न्यूमोनियाने चार दिवसांत गेल्या. आणि त्या डबीत जे काही होतं ते सीलबंद करणारा कंपायलर, म्हणजे माणसाचं म्हणणं यंत्राच्या आकड्यांत उतरवणारी प्रणाली, लिहिली होती केतकीने. दर्भाला तिने अडवलं त्यात थोडा कामाचा अभिमानही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मुख्य कारण दुसरं होतं. बारा वर्षांपूर्वी केतकी नवऱ्याचं घर सोडून सांगलीला आली. साताऱ्याच्या हर्षवर्धन शिर्केने एका सकाळी कपाटाचं दार तिच्या हातावर लावलं, मुद्दाम, आणि ती तो सुजलेला हात घेऊन तशीच एसटीत बसली. आईने दार उघडलं, हात बघितला, डॉक्टरकडे नेलं, जेवायला वाढलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. डाव्या हाताची करंगळी वाकडीच राहिली, तिला दर थंडीत तिळाचं तेल कोमट करून आई चोळून द्यायची. पण आपण घर सोडलं ते आईला पटलं होतं, की तिने नुसतं निभावून नेलं, हे केतकीला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आता डबीच काय ते सांगणार होती.

केतकीचा मोठा भाऊ संग्राम, सगळ्यांचा दादा, सुचेल ते बोलून दमला होता. शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं देऊ म्हणाला. आईची मांजर सांभाळू म्हणाला. नातीला डॉक्टर करू, घर मोडणार नाही, गच्चीवरची तुळस वाळू देणार नाही. शेवटी तो म्हणाला, "आई, केतूला आम्ही अंतर देणार नाही." सगळ्यांना वाटलं होतं की झालं. दिवा तसाच राहिला.

कृष्णाआत्या, मोहितेबाईंची नणंद, ऐंशीच्या पुढची, पायरीवर गुडघे धरून बसली होती. तिला ऊनही सोसेना आणि बसणंही. तिने पदर सारखा केला आणि डबीला असं सांगितलं की जणू शेजारणीशी बोलतेय:

"शैला, लेक तिच्या घरी जाईल बाई. नांदायला जाईल. आता तरी सुटी हो."

दिवा हिरवा झाला.

कुणी कुणाकडे बघेना. गुरुजींनी मुकाट्याने पुढचे मंत्र म्हटले. आत्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता, ती बिचारी नुसतं बोलून गेली होती. केतकी डबीकडे बघत उभी राहिली. उजव्या हाताने ती करंगळी घट्ट धरून होती आणि आपण ती धरली आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

*

घरी आल्यावर चहा झाला आणि मग केतकीनेच विषय काढला. दादाचा चेहरा तिला बघवत नव्हता. तिने त्याला समजावून सांगितलं, जसं ती मंडळाच्या नव्या पोरांना सांगायची.

इच्छा म्हणजे एक लहानसा प्रोग्राम असतो. तो आज बांधला जातो आणि चालतो कितीतरी वर्षांनी, बांधणारा माणूस नसताना. पण माणसाच्या इच्छेत नुसती आज्ञा नसते, भोवतालची माणसं नि वस्तू तिला चिकटलेल्या असतात: धाकटा मुलगा, सुनेचं बाळंतपण, शेताचा रस्ता. प्रोग्रामने हे सगळं आपल्याबरोबर बांधून न्यावं लागतं, म्हणून केतकीच्या ऑफिसात त्याला पुरचुंडी म्हणत. आता ती बांधायचे प्रकार दोन. एक, त्या दिवशी जे जसं असेल त्याची प्रत आत टाकायची. डबा भरल्यासारखं. सकाळी भेंडीची भाजी भरली तर दुपारी डब्यात भेंडीच निघणार, मग घरी मागाहून श्रीखंड केलेलं का असेना. दुसरा प्रकार, प्रत घ्यायचीच नाही, मूळ जागेला नुसता दोरा बांधायचा. म्हणजे डबा न देता घराची किल्ली द्यायची. दुपारी येऊन बघा, तेव्हा जे शिजलं असेल ते तुमचं.

"आणि कंपाइल झाल्यावर कुणाला बदलता येत नाही?" दादाने विचारलं.

बदलताही येत नाही नि वाचताही येत नाही, ती म्हणाली. मूळ शब्द पुसून टाकले जातात, नाहीतर पोरं आईबाप जिवंत असतानाच त्यांच्या इच्छा चोरून वाचतील. उरतात ते नुसते आकडे. प्रत घ्यायची की दोरा बांधायचा, हे बांधतानाच ठरतं आणि कायमचं ठरतं.

पहिल्या वर्षी मंडळ सगळीकडे दोरेच बांधत होतं. मग इचलकरंजीच्या एका म्हातारीचं प्रकरण झालं. तिला चार मुलगे. प्रत्येकासाठी तिने वेगळी इच्छा सांगितली, थोरल्याने दारू सोडावी, दुसऱ्याने बहिणीकडे जावं-यावं, असं एकेक. प्रोग्राम एकेका मुलाचं नाव 'हा मुलगा' या एकाच कप्प्यात ठेवत पुढे गेला आणि चारही पुरचुंड्यांनी दोरा बांधला तो त्या एका कप्प्याला. शेवटी कप्प्यात नाव राहिलं धाकट्याचं. घाटावर चारही दिवे धाकट्याच्याच नावाला हिरवे झाले, दारू सोडण्याच्या आश्वासनालासुद्धा. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. पण आईनेच सांगितलंय म्हटल्यावर तिघा भावांनी त्याच्याकडे जे बघितलं ते बघितलंच, चूक कळल्यावरही ते पुरतं गेलं नाही.

त्यानंतर केतकीने नवा कंपायलर लिहिला. मुद्दाम मागितलं नाही तर प्रतच.

"म्हणजे आईची ती त्या वेळची प्रत," दादा म्हणाला. "बत्तीस सालची. तू नुकती आली होतीस तेव्हाची."

"हो. नोव्हेंबरमध्ये सील केलीय. मी ऑगस्टमध्ये आले होते. तेव्हा तिला वाटलं असेल तसं."

"असेल नाही, तसंच आहे." दादाला एकदम बळ आलं. "बारा वर्षांपूर्वीचा डबा उघडून वास घेतला आपण. पुढं आई बदलली होती गं. तुझ्या बोटाला तेल कोण लावायचं?"

केतकी रडली, बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने रडली. त्या रात्री तिला झोपही लागली. दादाचं मात्र समाधान होईना. यंत्राने घाटावर भावकीसमोर बहिणीचा अपमान केला, आणि तोही शिळ्या मालावर, हे त्याच्या डोक्यात बसलं. केतकीला न विचारता त्याने मंडळाकडे रीतसर तक्रार केली.

तक्रार नसती तर तेराव्यानंतर पुरचुंडी नष्ट झाली असती. मंडळाचा नियमच तसा होता.

*

तक्रार आली तरच पुरचुंडी सोडायची परवानगी होती, आणि आतले आकडे वाचू शकणारी माणसं मंडळात तीन. एक परदेशात, एक बाळंतपणाच्या रजेवर, तिसरी केतकी. तांत्रिक विभागाचे प्रमुख गोसावी सर भला माणूस, त्यांनी फोन करून सांगितलं की घरचं प्रकरण आहे, थांबू आपण महिनाभर, दुसरं कुणी बघेल. केतकी म्हणाली, मीच बघते. प्रतच असणार होती. ती डोळ्यांनी बघावी, एवढीच तिची हौस.

पुण्याच्या ऑफिसात, दुपारी जेवणानंतर, तिने आईची पुरचुंडी सोडली. आकड्यांच्या चौथ्या ओळीत हर्षवर्धनचा नोंदणी क्रमांक सापडायला हवा होता, त्याच्यापुढे बत्तीस सालची त्याची स्थिती, प्रत म्हणून. तिथे स्थिती नव्हती. तिथे पत्ता होता, विवाह नोंदणीच्या चालू वहीचा. तिने पुन्हा वाचलं. मग कागदावर हाताने उतरवून वाचलं.

दोरा होता. आईची इच्छा अशी होती: हर्षवर्धन शिर्के जिवंत असेल आणि त्याने दुसरं लग्न केलं नसेल, तर केतकीने परत नांदायला जावं. केलं असेल तर काही म्हणणं नाही. दहाव्याच्या सकाळी डबीने वहीत डोकावून बघितलं होतं. त्याने लग्न केलेलं नव्हतं.

दोरा मुद्दाम मागावा लागतो. आणि मग केतकीला बत्तीस सालचा ऑक्टोबर आठवला. हाताला प्लास्टर, स्वयंपाकघरात आई मेथी निवडत होती, आणि नव्या कंपायलरबद्दल विचारत होती. शिक्षिकाच ती, अर्धवट समजलेलं तिला चालत नसे. डबा आणि किल्ली हे उदाहरण केतकीने पहिल्यांदा दिलं ते तिलाच.

"म्हणजे डब्यातलं विटतं," आई म्हणाली होती.

"हो, पण किल्लीवाल्याला काय मिळेल त्याचा भरवसा नाही."

"नसू दे. ताजं तरी असतं." एवढं बोलून आईने मेथी धुवायला घेतली होती.

पण बांधताना दोरा मागितला म्हणून मन बाराही वर्षं तेच होतं असं कुठं आहे, असं केतकीने स्वतःला सांगितलं. दोरा हर्षवर्धनला बांधलाय, आईच्या मनाला नाही. तिने क्षणभर तेवढा आधार धरला आणि तो लगेच सुटला. कारण दोऱ्याला एक अट होती, आणि ती तिनेच घातली होती. दोरा ज्या जागेला बांधला ती जागाच उद्या राहिली नाही तर? म्हणून दोरा मागणाऱ्याने दरवर्षी केंद्रावर येऊन नूतनीकरण करायचं. पडदा विचारणार: हीच इच्छा अजून आहे का? 'आहे' म्हणून अंगठा द्यायचा. 'नको' म्हटलं की पुरचुंडी रद्द. एक वर्ष चुकलं की दोरा आपोआप तुटणार आणि शेवटची प्रत आत राहणार. ज्या बैठकीत हे ठरलं त्यात कुणीतरी शंका काढली होती की एवढं करून इच्छा शिळी राहिली तर? केतकी तेव्हा तावातावाने बोलली होती. जो माणूस दरवर्षी जिना चढून अंगठा द्यायला येतो, त्याची इच्छा शिळी म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

तिने नूतनीकरणाची नोंद उघडली. तेहतीस ते त्रेचाळीस. अकरा वर्षं, अकरा नोव्हेंबर, अकरा अंगठे. शेवटचा, मरणाआधी एकवीस दिवस.

नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शनवाल्यांनी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. केतकी दरवर्षी सुट्टी काढून आईला गाडीतून न्यायची. खाली बँक, वरच्या मजल्यावर निरोप केंद्र. दाखला झाला की आई म्हणायची, "वर एक सही आहे, तू बस गाडीत, जिना कशाला चढतीस." केतकी बसायची. आई खाली आली की दोघी कोपऱ्यावरून भडंग घ्यायच्या, आई एक जास्तीचा पुडा केतकीच्या ऑफिससाठी घ्यायची. वर कसली सही असते, हे केतकीने अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. कंपायलर लिहिणाऱ्या बाईला ते सुचलं नाही.

आणि क्रीम. तीस वर्षं खडू धरून, त्याहून जास्त वर्षं भांडी घासून आईच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र तिचा अंगठा घेत नसे. गाडीतून उतरताना आई हात पुढे करायची, "तुझी ती क्रीम दे गं थोडी, म्हणजे घेतं." केतकी पर्समधून ट्यूब काढून स्वतः तिच्या अंगठ्याला चोळायची आणि पुन्हा लागली तर म्हणून ट्यूब तिच्याजवळच द्यायची.

नोंदीत प्रयत्नांचे आकडेही होते. मशीन सगळं लिहून ठेवतं. पस्तीस साली दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा घेतला. चाळीस साली तीनदा नाकारला. शेवटच्या वर्षी चार वेळा नाकारला आणि पाचव्यांदा घेतला.

सवय असेल, केतकीने शेवटची वाट शोधून बघितली. शिस्तीची बाई. इच्छा काय होती ते विसरूनही गेली असेल, नुसता दरवर्षीचा अंगठा. मग तिला अडतीस सालची ओळ दिसली. त्या नोव्हेंबरात आईने 'नको' दाबलं होतं. पडद्याने विचारलं, नक्की? आईने चाळीस सेकंद काहीच केलं नाही. नंतर मागे जाऊन 'आहे' दाबलं आणि अंगठा दिला.

अडतीस साली ऑक्टोबरमध्ये केतकीला डेंग्यू झाला होता. आई सतरा दिवस तिच्या उशाशी होती. म्हणजे आई विसरली नव्हती. तिला सगळं आठवत होतं, आणि चाळीस सेकंद तिने लेकीची बाजू घेऊन बघितली होती.

केतकीला आईचा राग आला, इतका की तिने टेबलावरची पेन्सिल मोडली. म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं होतं. बारा वर्षं तेल लावायचं, आणि वर जाऊन त्याच हाताने अंगठा द्यायचा, हे तिला कुठल्याही आकड्यांत बसवता येईना.

*

अहवाल तिने दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. खरं लिहायचं तर एक ओळ पुरली असती: दोष नाही, दोरा जिवंत, इच्छा अखेरपर्यंत कायम. तो अहवाल दादाकडे गेला असता, दादाकडून वहिनीकडे, वहिनीकडून भावकीत. दादाने आईचा फोटो उतरवला असता, किंवा त्याहून वाईट, हळूहळू त्यालाही आईचं थोडंफार पटायला लागलं असतं.

केतकीने लिहिलं: नोंदीप्रमाणे दोरा आणि दरवर्षीचं नूतनीकरण दिसतं, परंतु आतले आकडे तपासता दोरा प्रत्यक्षात बांधलाच गेलेला नाही, बत्तीस सालची प्रतच राहिली आहे. नूतनीकरणात दिलेलं उत्तर, 'आहे' असो वा 'नको', तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. दोष कंपायलरचा. जबाबदारी माझी. खाली सही केली. नियमाप्रमाणे तपासलेली पुरचुंडी त्याच दुपारी नष्ट झाली, तिच्यासोबत अंगठ्यांची नोंदही. चौदा वर्षांच्या नोकरीत तिने लिहिलेलं हे पहिलं खोटं. ते इतकं नीटनेटकं जमलं की गोसावी सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, उलट एवढ्या प्रामाणिकपणे स्वतःची चूक कबूल केल्याबद्दल तिचं कौतुक केलं.

दादाचा फोन आला. "मी म्हटलं नव्हतं? आई असं म्हणणारच नाही. वर जाऊन दरवर्षी काय सांगत असेल बिचारी, आणि मशीन ऐकतच नव्हतं. तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही लावून घेत," केतकी म्हणाली.

"आत्यालाही सांगितलं मी. रडली ती. म्हणाली, माझ्या जिभेला काय झालं होतं कुणास ठाऊक."

तिला वाटलं होतं की ते तिथे संपेल. पण तिचा अहवाल वर गेला. एका पुरचुंडीत दोरा नीट बसला नसेल तर लाखो पुरचुंड्यांचं काय? फोडून तपासायला माणसं तीन. मंडळाने मे महिन्यात फर्मान काढलं: पाच वर्षांहून जुनी पुरचुंडी असेल, मग तिचं नूतनीकरण झालेलं असो वा नसो, तर दिवा हिरवा होण्याआधी डबीने सांगावं, की ही इच्छा जुनी असू शकते, कृपया मनाला लावून घेऊ नये.

लोकांना हे भयंकर आवडलं. घराघरांतून आभाराची पत्रं आली. वडिलांनी शेवटी आपल्याला नालायक ठरवलं नव्हतं, सासूने मरताना धाकटीचं नाव घेतलं नव्हतं, ती सगळी जुनी प्रत होती. गोसावी सर ती पत्रं केतकीला पाठवत राहिले. सगळी माणसं एकसारखी सुटली होती, आणि मेलेल्यांपैकी तक्रार करायला कुणी येणार नव्हतं.

जिवंत मात्र आले.

*

नोव्हेंबरात मंडळाने प्रत्येक केंद्रावर एकेक जाणकार बसवला, नवं फर्मान लोकांना समजावून द्यायला. केतकीच्या वाट्याला सांगलीच आली. बँकेच्या बाजूला, जिन्याच्या तळाशी, तिचं टेबल होतं. दाखल्याची रांग तिच्यासमोरूनच जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा काठी टेकत टेबलापाशी आला. ईश्वरा चौगुले, एसटीच्या डेपोतला निवृत्त मेकॅनिक. फर्मानाचा कागद त्याने घडी घालून खिशात आणला होता. त्याला विचारायचं होतं की मी दरवर्षी वर जातो, 'आहे' म्हणतो, तर माझ्यावेळी पण डबी हे असलं बोलणार का. केतकीने सांगितलं, बोलेल. पाच वर्षांवरच्या सगळ्याच बोलतात.

"पर माजी जुनी न्हाई की," म्हातारा म्हणाला. "दर सालाला ताजी करतो."

"हो. पण आतल्या आत... दोष निघालाय. खात्री देता येत नाही."

त्याने काठी टेबलाला टेकवली. मग कुणाला सांगू नये म्हणतात, पण तुम्हाला सांगतो, म्हणाला. दोन मुलगे. बायको गेली त्या वर्षी जिन्यावरच्या एका खोलीवरून बोलणं बंद झालं, ते सात वर्षं बंद आहे. एक पुढच्या दाराने येतो, एक मागच्या. त्याची इच्छा एवढीच, की दोघांनी एका ताटात जेवावं, एकदा. जिवंतपणी ते ऐकत नाहीत, पण बापाच्या दहाव्याला, घाटावर, चारचौघांत ऐकतील, अशी त्याला आशा होती. म्हणून त्याने मुद्दाम दोरा बांधून घेतला होता. आधीच बोलायला लागले तर डबीने ठेवल्याठेवल्या हिरवं होऊन गप्प बसावं, उगाच जुनं उकरू नये.

"आता दोगंबी म्हणतील, जुनं हाय. म्हाताऱ्याचं काय मनावर घ्यायचं."

"कागदावर लिहून ठेवा काका. तारीख घालून."

"कागद वाचणारी असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" त्याने राग न धरता विचारलं.

दोष नाही काका, तुमचा दोरा शाबूत आहे, मी खोटं लिहिलं, असं तिच्या जिभेवर आलं. ते बोलली असती तर नोकरी गेली असती, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण मग दादाला कळलं असतं की आईचा अंगठा खरा होता. माणसाला आपलं दुःख किती लोकांच्या वाट्याला लावता येतं, याचा तिला आता पुरता अंदाज आला होता, आणि तरीही ती गप्प राहिली.

म्हातारा काठी सावरून जिन्याकडे वळला. वर कशाला जाता आता, असं ती म्हणणार होती, तोवर तो पहिल्या पायरीवर थांबला आणि मागे आला. त्याने उजवा हात पुढे केला. पाने-स्क्रू फिरवून फिरवून अंगठा गुळगुळीत झालेला.

"म्याडम, तुमच्याकडं क्रीम असंल का वो? माजा अंगठा घेत न्हाई मशीन. गेल्या साली एका बाईनं दिल्ती, वरच भेटली. शिकवणाऱ्या बाई हुत्या कुणीतरी. लेकीची हाय म्हणाल्या, लई चांगली हाय."

केतकीने पर्समधून ट्यूब काढली. त्याचा हात टेबलावर ठेवून घेतला आणि अंगठ्याला क्रीम चोळून दिली, कडेपासून मधोमध, जशी दरवर्षी द्यायची. तो वर गेला. ती जिन्याकडे बघत बसली. वीसेक मिनिटांनी काठीचा आवाज आला आणि तो एकेक पायरी उतरत खाली आला, चेहऱ्यावर समाधान.

"घेतला एकदाचा," तो म्हणाला. "तिसऱ्या वक्ताला घेतला. आता काळजी न्हाई."

"हो काका," केतकी म्हणाली आणि ट्यूबचं टोपण लावलं.